मदत हवी आहे: निशाण्याच्या मधल्या गोलात बाण लागण्याची संभाव्यता १/१०, १/१०० की १/३६?

दुकानदार_सातारकर:
नमस्कार मंडळी. तिरंदाज अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हापासून आमच्या कन्येनं कंपाउंड धनुष्याचा (टोकांना कप्प्या असलेलं) ध्यास घेतलाय. यंदा दहावी. म्हणून आधी गणित, मग मैदान, असा घरात तह झालाय.

संभाव्यतेचा धडा चालू होता. मी सहज विचारलं, बाण निशाण्यावर कुठेही लागला, तर तो दहा गुणांच्या गोलात असण्याची संभाव्यता किती? दहा रिंगा, त्यातली एक, म्हणून माझं उत्तर १/१०. ती म्हणाली १/१००. मग सरावाचा कागद पट्टीनं मोजून आली नि म्हणाली, "नाही बाबा, १/३६." आता धड्यात नमुना घटक, म्हणजे जे जे निकाल लागू शकतात ते, मोजायला सांगितलेत. कागदावर बिंदू तर अगणित. मोजायचं काय? मी बारावी कॉमर्स, जपून सांगा.

कृष्णाकाठ (सांगली):
काका, बिंदू मोजता येत नाहीत म्हणूनच इथं क्षेत्रफळ घ्यायचं. गोलाचं क्षेत्रफळ भागिले अख्ख्या निशाण्याचं क्षेत्रफळ. दोन्हीकडचा π उडतो, उरतो त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग.

८० सेंमीच्या पूर्ण कागदाची त्रिज्या ४०, दहाच्या गोलाची ४. दहावा भाग, त्याचा वर्ग १/१००. पण कंपाउंडला ५० मीटरवर बहुतेक सहा रिंगांचा कापलेला कागद लावतात, ५ ते १० गुणांचा. त्याची त्रिज्या २४. सहावा भाग, वर्ग १/३६. पोरीची दोन्ही उत्तरं बरोबर, कागद वेगळे.

तुमची चूक अशी की सगळ्या रिंगा सारख्याच रुंद असल्या तरी सारख्या मोठ्या नाहीत. आतून बाहेर क्षेत्रफळं १, ३, ५, ७, ९, ११ अशी वाढतात. बेरीज करून बघा, ३६ येते.

दुकानदार_सातारकर:
आली की ३६! पण एक शंका. ती दहातले चार बाण सहज दहाच्या गोलात मारते. मग १/३६ कुठं राहिलं?

कृष्णाकाठ (सांगली):
ती नेम धरते ना! हे गणित डोळे बांधून मारलेल्या बाणाचं. कागदावरची कुठलीही जागा सारखीच शक्य, एवढं गृहीत धरलं तरच क्षेत्रफळ चालतं. पटत नसेल तर चौरस काढा, त्यात चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ काढा आणि ज्वारीचे २०० दाणे उधळा. चौरसाबाहेर पडलेले सोडून द्या, उरलेल्यांपैकी शेकडा ७८ च्या आसपास वर्तुळात सापडतील, कारण π/४. मुठीनं एकाच जागी ओतू नका मात्र.

माणदेशी_मास्तर:
थोडी काडी टाकतो. बाण रेषेला नुसता चिकटला तरी वरचे गुण मिळतात. बाण ६ मिमी जाड धरला, तर त्याचा मध्य रेषेबाहेर ३ मिमीपर्यंत असला तरी चालतो, म्हणजे मधल्या गोलाची त्रिज्या ४ नव्हे, ४.३ झाली. ४.३ चा वर्ग १८.४९, भागिले २४ चा वर्ग ५७६. म्हणजे साधारण १/३१.

दुकानदार_सातारकर:
मास्तर, कन्या मागं उभी राहून वाचतेय. म्हणते, बाहेरच्या रेषेला चिकटलेल्या बाणालाही ५ गुण मिळतात, मग २४ चंही २४.३ करा. १/३२ येतंय.

माणदेशी_मास्तर:
बरोबर आहे तिचं. सोडा तिला मैदानावर.