फायरफॉक्सची चौकट कमीत कमी करायची आहे: टॅब उभे, पत्त्याची पट्टी लागेल तेव्हाच

कोरी_पाटी
विंडोज, पडदा १३६६ × ७६८. टॅबपट्टी, पत्त्याची पट्टी, बुकमार्कची पट्टी आणि खाली टास्कबार, एवढं वजा जाता वाचायला फार थोडं उरतं. टॅब डाव्या कडेला उभे हवेत. पत्त्याची पट्टी एरवी दडलेली आणि कंट्रोल+एल दाबलं की समोर. यूजरक्रोम डॉट सीएसएसमध्ये (फायरफॉक्सचं स्वतःचं रूप बदलणारी नियमांची फाइल) टॅबपट्टीला 'व्हिजिबिलिटी कोलॅप्स' दिलं, तर खिडकी बंद करायची फुलीही गेली. पत्त्याच्या पट्टीला 'डिस्प्ले नन' दिलं, तर कंट्रोल+एल दाबून काहीच होत नाही. दोन्ही कसं जमवायचं?

उभा_आडवा
टॅबपट्टीसाठी सीएसएसला हातच लावू नका. आवृत्ती १३६ पासून (मार्च २०२५) उभे टॅब फायरफॉक्समध्येच आहेत. आधी तुमची कोलॅप्सची ओळ काढा, मग टॅबपट्टीवर राइट क्लिक करून उभे टॅब चालू करा. वरची पट्टी आपोआप जाते आणि खिडकीची तिन्ही बटणं पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला येऊन बसतात. तुमची फुली गेली, कारण ती बटणं टॅबपट्टीच्या पोटातच असतात.

साइडबारच्या बटणाने ती उभी पट्टी आवळली की फक्त आयकॉन उरतात. शीर्षकं दिसत नाहीत म्हणून अडलं, तर पत्त्याच्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, एक स्पेस आणि शीर्षकातला एखादा शब्द टाइप करा. शोध फक्त उघड्या टॅबांत होतो. टक्क्याऐवजी चांदणी दिली तर बुकमार्कांत. हे हाताला बसलं की टॅबांची यादी सतत डोळ्यांसमोर लागत नाही.

बुकमार्कची पट्टी कंट्रोल+शिफ्ट+बी ने जाते-येते. उंची आणखी कमी करायला अबाउट:कॉन्फिगमध्ये (पत्त्याच्या चौकटीत टाइप करून उघडणारं आतल्या सेटिंगचं पान) 'ब्राउझर.कॉम्पॅक्टमोड.शो' ट्रू करा (टाइप अर्थातच रोमनमध्ये). मग 'कस्टमाइझ टूलबार'च्या पानावर तळाशी, डेन्सिटीत, कॉम्पॅक्ट दिसू लागतं. २०२१ मधल्या ८९ व्या आवृत्तीपासून हा पर्याय लपवलेला आहे.

मार्जिन
पत्त्याच्या पट्टीचं बघू. 'डिस्प्ले नन' दिलं की पट्टी मांडलीच जात नाही, आणि जे मांडलेलं नाही तिथे कर्सर जाऊ शकत नाही. पट्टी काढू नका, वर सरकवा.

नॅव्हिगेटर-टूलबॉक्स ही बाहेरची पेटी, नॅव-बार ही तिच्या आतली पत्त्याची पट्टी. पट्टी ४० पिक्सेल उंच धरून नॅव-बारला मार्जिन-टॉप (वरचं अंतर) उणे ३७ आणि ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ० द्या. उरलेले ३ पिक्सेल माउस टेकवायला लागतात. तेही काढलेत तर माउसने पट्टी कधीच उघडणार नाही. टूलबॉक्सवर 'होव्हर' (माउस वर आहे) किंवा 'फोकस-विदिन' (कर्सर आत आहे) असेल तेव्हा मार्जिन ० आणि ऑपॅसिटी १.

एवढ्यावर थांबलात तर पट्टी उघडताना पान ३७ पिक्सेल खाली जातं आणि जिच्यावर क्लिक करायचं ती लिंकच बोटाखालून सरकते. म्हणून उघड्या अवस्थेत टूलबॉक्सला मार्जिन-बॉटम उणे ३७, पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम) १ द्या. पट्टी पानावर तरंगते, पान जागचं हलत नाही. पार्श्वभूमीला अपारदर्शक रंग हवा, नाहीतर पानातली अक्षरं पट्टीतून दिसतात. उघडताना ट्रान्झिशनला २५० मिलिसेकंदांचा उशीर ठेवा, म्हणजे माउस वरून नुसता गेला तर पट्टी उघडणार नाही.

आणखी एक अडचण येते: मेनू उघडून माउस खाली आणला की पट्टी वर निघून जाते आणि मेनू अधांतरी राहतो. टूलबॉक्सच्या आत 'ओपन' ॲट्रिब्यूट (उघडा असल्याची खूण) असलेला घटक आहे का, ही तिसरी अट 'हॅझ' (आत अमुक घटक आहे का, हे तपासणारा सीएसएसचा निवडक) वापरून घाला. 'हॅझ' आवृत्ती १२१ पासून चालतं. आणि प्रत्येक ओळीला 'इम्पॉर्टंट' लावा. त्याशिवाय ब्राउझरचे स्वतःचे नियम वरचढ ठरतात.

नवी_खिडकी
यूजरक्रोमची फाइल केली, पण काहीच फरक पडत नाही. कुठे चुकतंय?

मार्जिन
बहुतेक वेळा नाव चुकतं. नोटपॅड शेवटी डॉट टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते दाखवत नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं शेपूट) दाखवायला लावा, मग कळेल. फाइल प्रोफाइलच्या (तुमची सेटिंग, बुकमार्क साठवणाऱ्या) फोल्डरमध्ये 'क्रोम' नावाच्या फोल्डरात हवी. प्रोफाइलचा फोल्डर अबाउट:सपोर्टमधून उघडतो. शिवाय अबाउट:कॉन्फिगमध्ये 'टूलकिट.लेगसीयूजरप्रोफाइलकस्टमायझेशन्स.स्टाइलशीट्स' ट्रू लागतं. आवृत्ती ६९ पासून ते मुळात बंद असतं. प्रत्येक बदलानंतर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

जोडाक्षर
पत्ता पूर्ण दडवण्याला माझा विरोध आहे. बँकेचं लॉगिन पान खरं की नकली, हे बघायची जागा म्हणजे डोमेनचं नाव. पान हुबेहूब बनवता येतं, डोमेन नाही. त्यापेक्षा कॉम्पॅक्ट पट्टी कायम राहू द्या. पूर्ण पडदा कधीमधीच हवा असेल, तर एफ११ आहेच. व्हिवाल्डी या दुसऱ्या ब्राउझरमध्ये कंट्रोल+एफ१० ने सगळी चौकट जाते-येते.

टॅबची उंची हाताने कमी करणाऱ्यांनी शीर्षक देवनागरी असलेलं पान उघडून बघावं. बहुतेक तयार सीएसएस रोमन अक्षरं समोर ठेवून लिहिलेलं असतं. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ वर आणली की 'विद्यार्थ्यांना'मधला रफार-अनुस्वार वरून आणि 'मृत्यू'चे ऋकार-ऊकार खालून कापले जातात. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा आणि उंची हवी तर फॉन्ट एक पिक्सेल लहान करून वाचवा.

कोरी_पाटी
उभे टॅब आणि तरंगती पट्टी, दोन्ही जमलं. पत्ता दडवायचं मात्र सोडलं. नॅव-बार कॉम्पॅक्ट करून कायम ठेवली आहे.