थंडीत सोलर दिवे काढून ठेवू नका, सावली बघा

ताई, थंडीत अंगणातले सोलर दिवे काढून घरात ठेवावेत, हा सल्ला बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी ठीक आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडे डिसेंबरात आभाळ बहुतेक निरभ्र असतं, दिवे खुशाल बाहेर राहू द्या. खरा त्रास सावलीचा आहे. मेअखेरीस जळगावात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, पण डिसेंबरअखेर तो दक्षिणेकडे कलून जेमतेम 45 अंशांवर असतो. म्हणजे 10 फुटी भिंतीची सावली दुपारीसुद्धा उत्तरेला साधारण 10 फूट पडते! उन्हाळ्यात मस्त चालणारा दिवा तिथेच असेल, तर तो आता अर्धपोटी राहणारच. त्यात रात्र मोठी. तो उपटून मोकळ्या उन्हात लावा, पॅनल दक्षिणेकडे थोडं झुकवा.

दुसरं म्हणजे धूळ. कापूस, केळीच्या शेतांमधून गाड्या गेल्या की फुफाटा उडतो, पहाटे दव पडलं की त्याचा थर पॅनलवर घट्ट बसतो. कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडतात. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा.

एवढं करूनही दिवा लवकर विझत असेल, तर सेल बदला. आतला सेल 1.2 व्होल्टचा, रिचार्ज होणारा असेल, तर तसाच घ्या. घड्याळातला साधा पेन्सिल सेल कृपा करून घालू नका, तो चार्ज होताना गळतो आणि पट्ट्या गंजून दिवाच जातो.