भंडारदऱ्याचे काजवे आणि ४० जणांची बस: जावे की न जावे?

डोंगरवेडा (प्रश्न)

आमच्या गिर्यारोहण मंडळाने जूनच्या पहिल्या शनिवारी भंडारदरा परिसरात काजवे पाहून त्याच रात्री बारी गावातून कळसूबाई चढण्याचा बेत आखला आहे. आतापर्यंत ४० जणांनी नावे दिली असून मोठी बस ठरवण्याचे चालले आहे. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. त्यामुळे आपल्या जाण्याने तिथल्या काजव्यांचे नेमके काय बिघडते आणि ते टाळून जाता येईल की मुळात जाऊच नये, असा प्रश्न आमच्यापैकी काही जणांना पडला आहे. जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

पाचोळा

काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जमिनीवर आणि मातीत जाते. ओलसर पाल्यापाचोळ्यात राहून ही अळी गोगलगायींसारखे मऊ अंगाचे जीव खाते. पंख फुटल्यावर मात्र त्याच्या हाती जेमतेम काही आठवडे उरतात आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. नर उडता उडता लुकलुकतो आणि गवतावर किंवा खालच्या फांदीवर बसलेली मादी त्याला आपल्या प्रकाशाने उत्तर देते. बसचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि विजेऱ्या यांच्या झोतात ही उत्तरे दिसेनाशी होतात, आणि त्या रात्री न झालेले मीलन पुढे भरून काढायला दिवस फारसे नसतात.

त्याहून कमी बोलला जाणारा धोका पायांचा आहे. छायाचित्रासाठी माणसे वाट सोडून थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत जातात. गवतातल्या माद्या आणि पाचोळ्यातल्या अळ्या चिरडल्या जातात ते याच वेळी, आणि अंधारात कोणाला ते कळतही नाही. म्हणून वाटेवरच उभे राहावे. विजेरीला लाल कागद लावून तिचा झोत फक्त पायापुरता ठेवावा, कारण लाल प्रकाश काजव्यांच्या डोळ्यांना तुलनेने कमी जाणवतो. अंगावर डास पळवणारे फवारे मारून झाडांखाली जाऊ नये. ते कीटकांसाठीच बनवलेले रसायन असते.

कातळकडा

माझे मत कठोर वाटेल, पण ४० जणांनी जाऊ नये. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. परंतु काजव्यांच्या दिवसांतल्या शनिवार-रविवारी त्यातल्या मोजक्या रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातला प्रवेश हा हक्क नसून परवानगीचा विषय आहे, आणि अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास कलम ३० ने मनाई केलेली आहे. तरीही मुक्कामाच्या जाहिरातींत शेकोटी आणि संगीत आवर्जून छापले जाते. आपल्यासारख्या डोंगर जाणणाऱ्या मंडळांनीच त्या गर्दीत भर घातली, तर इतरांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

रात्री कळसूबाई चढण्याचा बेतही सोडून द्यावा. १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखराच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, पहिल्या सरींनंतर त्या निसरड्या होतात आणि गर्दीत एकेका शिडीखाली माणसे खोळंबून राहतात. शिवाय रात्रीचे रान जनावरांना लागते. दिवसभर माणसांपासून अंग चोरून असलेला प्राणी त्याच वेळी बाहेर पडतो.

प्रवराकाठ

मी अकोले तालुक्यातला आहे. वरच्या दोन्ही उत्तरांतले बहुतेक मला मान्य आहे, पण ‘जाऊ नये’ इथेच थांबलात तर आमच्या गावांचा विचार राहून जातो. रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे या गावांत भातशेती एका पावसाची आहे. या हंगामात घरगुती जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे काम यांतून जे पैसे येतात, त्यांवर अनेक घरांचे बियाणे-खत येते. काजवे ज्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर दाटतात, ती झाडे उभी राहण्यात गावाचा फायदा आहे, हे गावाला पटत राहिले पाहिजे. माझ्या मते पाहुण्यांपेक्षा मोठे संकट म्हणजे झाडे तोडून उभी राहणारी निवासस्थाने आणि त्यांच्या आवारात रात्रभर जळणारे प्रखर दिवे. तुम्ही तंबूंच्या झगमगाटात राहता की गावातल्या घरात, यावरून पैसा कोणाकडे जातो हे ठरते, आणि पुढच्या वर्षी अंधार किती उरतो हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

म्हणून माझा सल्ला असा: बस नको. दहा-बारा जणांच्या तुकड्या करा आणि शनिवार सोडून मधल्या वारी या. उजेड असतानाच गावात पोहोचून गाडी लावा आणि सकाळपर्यंत ती हलवू नका. अंधार पडल्यावर गावातल्या माणसाबरोबर पायी निघा, कारण कोणत्या झाडाजवळ जायचे आणि कोणते त्या रात्री सोडायचे हे त्याला ठाऊक असते. अभयारण्याच्या नाक्यावर त्या वर्षीच्या वेळा आणि नियम विचारून घ्या. पहाटे रतनवाडीहून रतनगड करा. प्रवरेच्या काठाने झाडीतून जाणारी ती वाट आणि वरचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, पाहिल्यावर कळसूबाई राहिल्याची रुखरुख कोणाला लागणार नाही.

डोंगरवेडा

सर्वांचे मनापासून आभार. बस रद्द करून रात्रीची चढाई वगळण्याचा प्रस्ताव मी आजच मंडळापुढे ठेवतो. तुकड्या केल्यास काही जणांना दुसऱ्या आठवड्यात यावे लागेल. तोवर काजवे असतील का, आणि रतनगडानंतर सांदण दरी जोडता येईल का?

प्रवराकाठ

काजवे वळवाच्या सरींनंतर वाढतात आणि मोसमी पाऊस जोरात लागला की झपाट्याने ओसरतात, त्यामुळे तारखेपेक्षा पावसाकडे लक्ष ठेवा आणि निघण्याआधी गावात फोन करा. शक्यतो अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या. चांदण्यात ते फिके दिसतात. सांदण मात्र जोडू नका. वर कुठेही पाऊस झाला तरी त्या अरुंद घळीत पाणी अचानक चढते आणि बाजूला सरकायला जागा नसते. ती दरी हिवाळ्यात करा.