‘नवं कार्ड घ्या, विषय कट’ म्हणणाऱ्यांना दंडवत

मागचा_बाक (धागाकर्ता)
परवा एका नवशिक्यानं साधा प्रश्न विचारला होता, की आसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या कार रेसिंगच्या सिम गेममध्ये एकटा चालवताना सगळं छान असतं, पण रेस सुरू झाली की पहिल्या वळणापर्यंत चित्र अडकत अडकत जातं, काय करू? त्यावर खिसा_गरम यांचं उत्तर: "सेटिंग्जशी खेळत बसणं हा गरिबांचा टाइमपास आहे. नवं ग्राफिक्स कार्ड घ्या, सगळं अल्ट्रावर (सगळ्यात भारी सेटिंगवर) टाका, विषय कट." यावर लोकांनी बदाम पण टाकलेत. म्हणून हा वेगळा धागा, तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं.

माझ्या मावसभावानं असाच कुणाचा तरी सल्ला ऐकून दिवाळीत कार्ड बदललं. १६६० सुपर काढून ३०६० टीआय टाकलं. प्रोसेसर तोच जुना, रायझन ५ २६००. मोंझाच्या ट्रॅकला २४ गाड्या लावल्या, स्टार्टला आधी ५२ एफपीएस (सेकंदाला चित्रं) मिळायचे, आता ५४. दोन एफपीएस! आणि पठ्ठ्यानं भाऊबीजेच्या पाकिटाचे पैसे माझ्याकडून उसने घेतले.

अहो, या खेळात प्रत्येक एआय (कॉम्प्युटर चालवतो त्या) गाडीचे टायर, सस्पेन्शन, सगळं गणित प्रोसेसर करतो, आणि कुठल्या गाडीचं काय काढायचं ही यादी कार्डाकडे पाठवायचं काम पण त्याचंच. तो तिथे घाम पुसतोय आणि कार्ड बाजूला बिडी ओढत बसलंय. हे बघायला इंजिनिअर व्हायला लागत नाही. रिझोल्यूशन १०८० वरनं ७२० वर आणा, तीच रेस, तीच जागा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडतंय. तेवढेच राहिले तर प्रोसेसर. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य.

आणि टेस्ट करताना रिकाम्या ट्रॅकवर एकट्यानं फिरून "मला १२० मिळतात" हे सांगू नका. सगळ्या गाड्या लावा, सगळ्यात मागून स्टार्ट घ्या, पाऊस लावा, रात्र लावा. तिथे जे टिकतं ते खरं सेटिंग. लग्नाचा हॉल आपण पंगतीच्या हिशोबानं घेतो, साखरपुड्याच्या नाही.

खिसा_गरम
नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभारी आहे, टीआरपी वाढला माझा.

मावसभावानं चुकीचा पार्ट घेतला ही माझी चूक कशी? मी म्हणतो पैसे टाका, तर डोकं लावून टाका. त्याच्या बी४५० मदरबोर्डावर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५८००एक्सथ्रीडी बसतो. २०२२ चा प्रोसेसर, ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), सिम रेसिंगला अमृत. माझ्याकडे ७८००एक्सथ्रीडी प्रोसेसर आणि ४०८० कार्ड आहे, मी गेल्या दोन वर्षांत ग्राफिक्सचा मेनू उघडलेला नाही. तुम्ही शॅडो मीडियम की लो करत बसा, मी तोवर तीन रेस मारून येतो.

कुचकट_पुणेकर
म्हणजे "कार्ड घ्या" चं आता "प्रोसेसर घ्या" झालं. उद्या "बंगला घ्या" होईल. वाचतोय.

ऑरेंज_सिटी
दोघंही एसीत बसून बोलून राह्यले भाऊ. मे महिन्यात नागपूरला या अन् गेमिंग लॅपटॉप लावून दाखवा. बाहेर ४५, खोलीत कूलर, अन् कूलरची दमट हवा थेट लॅपटॉपवर. पहिले पाच लॅप एकदम मस्त, सहाव्या लॅपला प्रोसेसर तापला की आपोआप स्पीड उतरवतो, १०० चे ४० होते अन् तेही नेमके ब्रेकिंगमध्ये.

मी काय केलं, विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ची ९९ टक्के केली. एका टक्क्यानं काय होते असं वाटते, पण त्यानं टर्बो बूस्टच (प्रोसेसरची जास्तीची स्पीड) बंद होतो. एफपीएस ६५ वर आले पण तासभर ६५ च. मंग ६० ला लॉक करून टाकले, वर जाऊच देत नाही. दोस्त लोक हसले का रे पैसे देऊन घेतलेला बूस्ट बंद करून राह्यला. पण मी रेस पूर्ण करतो, ते लोक भिंतीत जातात.

गेममधले आरसे पण बंद करून टाकले. अकरा एफपीएस मिळाले फुकटात.

आजोबा_५०_सीसी
आरसे बंद??

म्हणजे गेल्या रविवारी वळणात माझ्या दारावर येऊन आदळणारे तुम्हीच की काय! मी अर्धी गाडी आत घातलेली, समोरचा असा वळला की जणू जगात तो एकटाच आहे. मग चॅटमध्ये "सॉरी काका दिसला नाहीत". कसा दिसणार, आरसेच काढून ठेवलेत तर!

अकरा एफपीएस फुकट मिळालेले नाहीत बाळा, ते माझ्या बंपरमधून काढलेत.

ऑरेंज_सिटी
काका मी नव्हतो तो, मी रविवारी लग्नाला गेलतो. अन् रडार चालू असते ना माझं, बाजूला गाडी आली का दिसते.

आजोबा_५०_सीसी
रडार बाजूला आल्यावर दाखवतं. आरसा येणारा माणूस आधी दाखवतो. मी ३४ वर्षं गाडी चालवली, त्यातली ११ एसटीत. घाटात मागून कोण कसा येतोय हे आरशात बघूनच पुढचं वळण ठरायचं. आमच्याकडे आरसा फुटला तर गाडी डेपोतून हलवायचो नाही.

कुचकट_पुणेकर
काका, तुम्ही पुण्यात आला नाहीत वाटतं बऱ्याच दिवसांत. इथे नवी स्कूटर घेतली की आधी नारळ, मग हार, मग आरसे काढून डिकीत. उरलाच एखादा तर तो स्वतःचे केस बघायला आतल्या बाजूला वळवलेला. त्या मानानं सिममध्ये आरसे काढणारे फारच वास्तववादी म्हणायला हवेत.

न्यूजर्सीकर
आरशांवरून गंमत चाललीय पण प्रश्न खरा आहे. आरसा म्हणजे तोच सीन मागच्या कॅमेऱ्यानं परत काढायचा, त्याचा भार प्रोसेसर आणि कार्ड दोघांवर. मी व्हीआरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट लावून) चालवतो, ९० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९० चित्रं, एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद, त्यात दोन डोळ्यांची दोन चित्रं, वर आरसे. बजेट चुकलं की हेडसेट ४५ वर येऊन मधल्या फ्रेम बनवतो आणि बाजूची गाडी जेलीसारखी हलते. एकदा तर चक्क उलटी झाली, बायको म्हणाली यापेक्षा खरी गाडी चालव आणि मुलीला कथ्थकला सोडून ये.

तरी आरसे बंद नका करू. रिझोल्यूशन कमी करा आणि किती लांबपर्यंतचं दाखवायचं ते अंतर कमी करा. मागे अर्धा किलोमीटरवर झाड कुठलं आहे याच्याशी तुम्हाला घेणं नाही. आयरेसिंग या दुसऱ्या सिममध्ये तर स्पॉटर (कानात बोलणारा मदतनीस) ओरडून सांगतो डावीकडे गाडी आहे म्हणून.

चिखलमार्ग
मूळ आसेटो कोर्सा (२०१४ वाला) चालवणारे कोणी आहे का इथे? त्यात आरशापेक्षा जास्त खातात ते बॉनेटवरचे रिफ्लेक्शन. आजूबाजूचं जग सहा बाजूंनी काढतात, एका फ्रेमला किती बाजू ताज्या करायच्या ते सेटिंग आहे. माझं सहावर होतं, एकावर आणलं. कॉकपिटमधून चालवताना बॉनेटमध्ये झाड एक क्षण उशिरा सरकलं तर कोणाच्या बापाला कळतंय.

दुसरं म्हणजे, माझा प्रोसेसर टास्क मॅनेजरमध्ये ३० टक्क्यांवरच असतो. मग प्रोसेसर कमी पडतो हे कसं काय? धागाकर्त्यांनी उत्तर द्यावं, उगाच फेकू नये.

मागचा_बाक (धागाकर्ता)
फेकत नाहीये. ते ३० टक्के सगळ्या कोअरचे (प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या कामगारांचे) मिळून आहेत. सोसायटीच्या मीटिंगला बारा जण बसलेत, पण हिशोब एकटे खजिनदार लिहितायत, बाकीचे चहा पितायत. गेमचा मुख्य थ्रेड (कामाची मुख्य साखळी) एका कोअरवर अडकला की बाकी कोअर रिकामे असून उपयोग नाही. टास्क मॅनेजरमध्ये आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघा. आणि कार्डाचा वापर ९५ च्या वर नसून ६० च्या आसपास असेल आणि फ्रेम लॉक लावलेला नसेल, तर तिथेच कळलं.

ऑरेंज_सिटी यांचं ६० ला लॉक करणं मला शंभर टक्के पटलं. सरासरी एफपीएसनं काही होत नाही, अडकलेली एकच फ्रेम गाडी घालवते. मोंझाच्या सरळ रस्त्यावर २७० चा वेग म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. ब्रेकच्या पाटीपाशी ८० मिलिसेकंद चित्र थिजलं तर तुम्ही ६ मीटर आंधळे गेलात. चित्र परत सुरू होतं तेव्हा पाटी मागे आणि समोर कुणाचं तरी बूड.

खिसा_गरम
६० ला लॉक करणं हे २०२२ नंतर बोलूच नये. १४४ हर्ट्झवर ज्यानं एकदा चालवलं तो परत ६० वर जात नाही. आणि व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या ठेक्याला बांधणं) लावणाऱ्यांचं स्टीअरिंग तर मस्क्यातून चालल्यासारखं लागतं.

न्यूजर्सीकर
व्ही-सिंक आणि फ्रेम लॉक वेगळं आहे हो. फ्रीसिंकचा (एफपीएसप्रमाणे हर्ट्झ बदलणारा) मॉनिटर असेल तर त्याच्या हर्ट्झपेक्षा तीन-चार कमीवर लॉक करा, १४४ ला १४०. चित्र चिरतही नाही, मस्काही नाही. तुमच्या ४०८० ला पण लागू आहे हे.

खिसा_गरम
बरं, हे एक मान्य. लिहून घ्या, तारीख टाका, धागाकर्त्यांना फ्रेम करून भिंतीवर लावता येईल.

आजोबा_५०_सीसी
ते मस्का-बिस्का राहू दे. आरसे चालू करणार का नाही ते सांगा. पुढच्या रविवारपासून रेसआधी मी प्रत्येकाला विचारणार आहे. ज्याचे बंद त्यानं ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) शेवटी उभं राहायचं.

ऑरेंज_सिटी
काका तुम्ही आरटीओ आहे का?

आजोबा_५०_सीसी
भाषा सांभाळा. सर्व्हरचं भाडं मी भरतो.

ऑरेंज_सिटी
माफ करा काका, गमतीत बोललो. आता न्यूजर्सीवाल्या दादांनी सांगितलं तसं लो रिझोल्यूशनवर, कमी अंतरावर लावून पाहिलं. अकरापैकी चारच गेले. ६० टिकून राह्यले. तुमची गाडी आरशात पोह्यांतल्या शेंगदाण्यावानी दिसते, पण दिसते.

चिखलमार्ग
कोअरचं बघितलं. एक ९८ वर, बाकी झोपलेत. ठीक आहे, धागाकर्ते बरोबर होते, पण सांगायची पद्धत उद्धट आहे.

अवांतर: हे बघता बघता दिसलं की माझी ३२०० ची रॅम २६६६ वर चालतेय, आणि एकच काडी आहे. जोडणाऱ्या दुकानदारानं दोन आठच्या सांगून एक सोळाची टाकली होती आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवणारं सेटिंग) चालूच केलं नव्हतं. तीन वर्षं! विचारायला गेलो तर म्हणतो "सोळा म्हणजे सोळाच ना साहेब". एका काडीत मेमरीचा एकच चॅनल चालतो हे त्याला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. सगळ्यांनी आपापलं टास्क मॅनेजर, मेमरी, स्पीड बघून घ्या, तीस सेकंद लागतात.

कुचकट_पुणेकर
बघितलं. माझं बरोबर आहे. खिसा_गरम साहेब, तुमचं?

कुचकट_पुणेकर
साहेब?

खिसा_गरम
६००० ची घेतली होती. ४८०० दाखवतोय.

आणि एक्सथ्रीडीला रॅमच्या स्पीडचा फार फरक पडत नाही, हे इथल्या जाणकारांना माहीत असेलच, त्यामुळे हसायचं काही कारण नाही.

मागचा_बाक (धागाकर्ता)
फरक खरंच फार पडत नाही, कॅश मोठी आहे. बायोसमध्ये एक्सपो (एक्सएमपीसारखंच, एएमडीचं) चालू करा, एक क्लिक आहे. पहिल्या वेळी सुरू व्हायला जरा वेळ घेईल, स्क्रीन काळी राहील, घाबरून बटन दाबू नका.

कुचकट_पुणेकर
हसत कोण आहे. स्क्रीनशॉट काढलाय फक्त.