दिवाळीच्या सुट्टीत हुरडा मागू नका, शरदातल्या शिवारात दुसरं पुष्कळ आहे

काळी कसदार:
दसरा झाला की कृषी पर्यटन केंद्रांचे फोन खणखणायला लागतात. प्रश्न एकच, दिवाळीत हुरडा मिळेल का? गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून बरेच जण 'मिळेल' म्हणून टाकतात. माझं म्हणणं असं की मागणाऱ्यांनी हे मागणं सोडावं आणि देणाऱ्यांनी 'नाही' म्हणायला शिकावं.

हिशोब करून बघा. हुरड्याची ज्वारी, मग ती फुले उत्तरा असो, फुले मधुर असो की गावरान गुळभेंडी, पेरणीपासून साधारण ९० ते ९८ दिवसांनी हुरड्यात येते. २०२५ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. त्या दिवशी ताटात हुरडा हवा तर पेरणी १८ जुलैच्या आसपास व्हायला हवी होती. २०२६ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे पेरणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. रब्बी ज्वारीची पेरणी असते १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. जुलैत पेरलेली मालदांडीच्या जातकुळीची ज्वारी दिवस मोठा असल्यामुळे नुसती उंच वाढत राहते, निसवायला म्हणजे कणीस बाहेर काढायला उशीर करते, त्यामुळे ९५ दिवसांचा हिशोबही कोलमडतो. भर पावसात काळ्या जमिनीत पाणी साचून ती पिवळी पडते ते वेगळंच.

मग ऑक्टोबरात पानात पडतो तो हुरडा कुठून येतो? बहुतेक वेळा मागच्या हंगामातला, शीतपेटीतला. तो वाईट नसतो, पण त्याला 'शेतातला ताजा' म्हणणं ही फसवणूक आहे. ओळखायला सोपं आहे. गोठवलेला दाणा परतताना पाणी सोडतो, एकमेकाला चिकटतो, आणि त्याला आगटीच्या, म्हणजे हुरडा भाजायच्या खड्ड्यातल्या विस्तवाच्या, राखेचा वास नसतो. उभं पीक दाखवा म्हणा, लगेच कळेल.

दिवाळीच्या सुमाराला शेतात खरोखर जे असतं ते का मागत नाही? भुईमुगाच्या ओल्या शेंगा असतात, मावळात इंद्रायणी भात कापणीला आलेला असतो. त्याच्या आधी आश्विन पौर्णिमेला कोकणात नवान्न होतं, भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधल्या जातात. त्याच पौर्णिमेला सोलापूरच्या सीमेपलीकडे, विजयपूर-बेळगाव भागात शिगी पौर्णिमेचा चरग, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शेतात शिंपडतात. हा सगळा हंगाम सोडून पौषातला पदार्थ कार्तिकात कशाला हवा?

केंद्रचालक:
तुमचा हिशोब जुलैच्या पेरणीपुरता बरोबर आहे. ऑक्टोबरात ताजा हुरडा देतो म्हणणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण त्यावरून 'मार्गशीर्षाशिवाय हुरडा नाही' असा नियम काढू नका.

१० ते १५ ऑगस्टला पेरलं तर ज्वारी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुलोऱ्यात येते. सोलापूर-नगर पट्ट्यात तोवर परतीचा पाऊस बहुधा आटोपलेला असतो. मग १५ नोव्हेंबरनंतर हुरडा मिळतो. दिवाळी उशिरा आली की सुट्टीची शेपटी त्यात सापडते. अट एवढीच की सपाट रानात पेरायचं नाही. गादीवाफा म्हणजे उंच वाफा करायचा, पाण्याला वाट काढून द्यायची, आणि ४५ बाय १५ सेंटीमीटरपेक्षा दाट करायचं नाही.

क्षेत्रही फार लागत नाही. हेक्टरी ३५ क्विंटल हुरडा धरला तर गुंठ्याला ३५ किलो होतो. माणशी पाव किलो धरला तरी एका गुंठ्यात १४० माणसं खातात. रविवारी ३०० माणसं येणार असतील तर सव्वादोन गुंठे पुरतात. म्हणजे दर आठवड्याला तीन-तीन गुंठ्यांचा टप्पा पेरत गेलं तर नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत एक दिवसही शीतपेटी उघडावी लागत नाही.

आणि पैशाचं बोला ना. २०२५-२६चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता, म्हणजे किलोला साडेसदतीस. हुरडा किलोला दोनशेच्या वर जातो. ज्वारीचं क्षेत्र सोयाबीन, हरभरा आणि उसानं खाल्लं, कारण ती उपटून काढायला मजूर मिळत नाहीत. हुरड्याला नुसतं कणीस खुडायचं असतं. ज्वारी शेतात टिकवायची तर हुरड्याचा हंगाम लांबवावाच लागेल.

पोंगेमर:
केंद्रचालक, ऑगस्टच्या टप्प्याचं तुमचं गणित कागदावर बसतं, शेतात त्याला दोन भोकं पडतात.

पहिलं खोडमाशीचं. लवकर पेरलेल्या रब्बी ज्वारीवर ती तुटून पडते. पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरते, पोंगा वाळतो आणि ओढला की हातात येतो. उगवल्यापासून पहिले चार आठवडे हा धोका असतो. बीजप्रक्रिया न करता पेरलं तर विरळणी करायची वेळच येत नाही, माशीच विरळणी करून जाते. जी झाडं वाचतात ती बाजूनं फुटवे काढतात, त्यांची कणसं मागे-पुढे येतात. मग एका टप्प्यात अर्धी कणसं चिकात, म्हणजे दाणा दुधाळ, आणि अर्धी टणक, असा प्रकार होतो.

दुसरं पाखरांचं. डिसेंबर-जानेवारीत शिवारभर ज्वारी चिकात असते, त्यामुळे चिमण्या आणि पोपट विभागले जातात. नोव्हेंबरात आख्ख्या शिवारात तुमचे तीनच गुंठे भरलेले असतील तर पाच मैलांवरची पाखरं तिथंच उतरतील. गोफण घेऊन माळ्यावर एक माणूस दिवसभर उभा केला तरी पुरत नाही. जाळीच लागते, आणि ती निसवल्याबरोबर, दाणा भरायच्या आधी. एका गुंठ्याला वरून १०० चौरस मीटर आणि बाजूंना वेगळी. हा खर्च हुरड्याच्या किलोमागच्या भावात धरला आहे का?

पावसाचंही 'बहुधा आटोपलेला' हे धरून चालू नका. फुलोऱ्यानंतर एक लांबलेला पाऊस आला की दाण्यावर बुरशी येते, तो काळा-गुलाबी पडतो. तसली कणसं पाहुण्यांना भाजून द्यायची नसतात.

केंद्रचालक:
जाळीचा खर्च धरलेला आहे. जाळी तीन-चार हंगाम वापरता येते आणि पुढच्या टप्प्यावर सरकवता येते. बीजप्रक्रिया न करणाऱ्याची बाजू मी घेतच नाही. फुटव्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे रान सरसकट कापायचं नाही, कणीस निवडून खुडायचं. नखानं दाणा दाबायचा. पांढरं दूध उडालं तर चार दिवस थांबायचं. मऊ पिठासारखा चेपला आणि हिरवा रंग टिकून असला तर खुडायचं. नख रुतलं नाही तर ते कणीस ज्वारीसाठी सोडायचं.

शनिवारची एसटी:
शहरातून येणाऱ्यांच्या बाजूनं एक बोलते. मुलांना सलग सुट्टी दिवाळीतच असते. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं, जानेवारीत परीक्षांची घाई. 'पौषात या' हे सांगायला सोपं आहे. शिवाय दिवाळीत शेंगा आणि भात बघायला या म्हणता, पण भातकापणी नुसती लांबून बघायची असते का? मुलांना हातात विळा द्यायला कुणी तयार नसतं.

इंद्रायणीकाठ:
विळा द्यायला तयार नसतात याला कारण आहे, ते समजून घ्या.

भात साधारण ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापतात. त्याच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढलेलं असतं. जमीन नुकती वाफशावर, म्हणजे बेताच्या ओलीवर, आलेली असते, दहा माणसं चालली की चिखल. कापणी जमिनीलगत करायची असते. नवखा माणूस कंबर न वाकवता वीतभर वर कापतो, पेंढा आखूड होतो आणि धसकटं मागे राहतात. ऊन चढल्यावर कापलं, पेंढी झटकली की दाणे झडतात. हे नुकसान पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, पण शेतकऱ्याला दिसतं. शिवाय खाचराच्या बांधाला घोणस असते. चपला घालून आलेल्या मुलाला तिथं उतरवणं हा गुन्हा आहे.

तरीही मार्ग आहे. बांधालगतच्या दोन ओळी पाहुण्यांसाठी राखायच्या. सकाळी आठ ते दहा एवढीच वेळ. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. एका जाणत्यामागे चार मुलं, जास्त नाही. दात्यांचा वैभव विळा द्यायचा, तो घासून कापतो, त्यामुळे मुलाला वार करायची गरज पडत नाही. डाव्या हातानं चुडाची मूठ धरताना अंगठा वर ठेवायचा, खाली नाही. आणि खरी मजा कापणीत नाही, झोडणीत आहे. कापलेला भात दोन-तीन दिवस वाळला की पेंढ्या बांधून खळ्यावर फळीवर झोडतात. तिथं ना विळा, ना साप, ना चिखल. मुलं तासभर झोडतात आणि समोर दाण्यांची रास पडते.

त्यामुळे काळी कसदार यांच्याशी मी निम्मा सहमत. शरदात पुष्कळ आहे, पण ते तयार ताटासारखं नाही. त्याची मांडणी करावी लागते, आणि ती करायला हुरड्याच्या पॅकेजपेक्षा जास्त माणसं लागतात. म्हणून केंद्रं हुरड्याला धरून बसतात.

काळी कसदार:
मांडणीच करायची तर भुईमुगाची सर्वांत सोपी. जून-जुलैत पेरलेला ११० ते १२० दिवसांत निघतो, म्हणजे ऑक्टोबर त्याचाच. चार वेल उपटून शेंगा फोडून बघायच्या. टरफल आतून तपकिरी-काळं पडलं असेल तर तयार. वाफसा असताना उपटला तर मुलंसुद्धा वेल सहज ओढतात. रान वाळून टणक झालं की आऱ्या, म्हणजे शेंगांचे देठ, तुटतात, निम्म्या शेंगा जमिनीत राहतात.

एक किलो ओल्या शेंगा तीन पाण्यांनी धुवायच्या, दोन लिटर पाण्यात ४० ते ५० ग्रॅम मीठ घालून ३०-४० मिनिटं उकळायच्या. आच बंद केल्यावर लगेच उपसू नका, अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. मीठ दाण्यात उतरतं ते तेव्हा. काळी बुरशी धरलेली किंवा किडीनं भोक पाडलेली शेंग आधीच बाजूला काढा, ती जनावरालाही देऊ नका.

येळवसचा पाहुणा:
सणांचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. शिगी पौर्णिमा, नवान्न, आणि आमच्या लातूर-धाराशिवची वेळ अमावस्या म्हणजेच येळवस यांना सहलीच्या यादीत घालून तिकीट लावायला माझा विरोध आहे.

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहर ओस पडतं, कारण सगळे शेतात असतात. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करून आंबील पिकावर शिंपडायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील यांची पंगत. संध्याकाळी पेटता हेंडगा म्हणजे पलिता पिकाभोवती फिरवायचा. ज्याला शेत नाही त्याला आवर्जून बोलावतात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतात. या हाकेला दर लावला की येळवस संपली.

केंद्रचालक:
हाकेला दर लावू नये हे मान्य. पण ज्याचं लातुरात कुणी ओळखीचं नाही त्यानं काय करायचं? आणि भज्जीचा विचार करा. तूर, वाल, वाटाणा, हरभरा सोलायला आदल्या दिवशी दुपारपासून बायका बसतात, बेसन आणि चिंचेच्या पाण्यात ती नीट आळेपर्यंत ढवळत राहावी लागते. आंबील आदल्या रात्री लावावी लागते. पंचवीस पाहुणे वाढले तर हे सगळं दुप्पट होतं. त्या बायकांच्या हातात त्या कामाचे पैसे पडले तर सणाचा अपमान होत नाही.

येळवसचा पाहुणा:
बायकांना पैसे द्या, जरूर द्या. पण मग त्या दिवशी नको. आदल्या किंवा पुढच्या रविवारी भज्जी-आंबिलीचं जेवण ठेवा, त्याचा दर लावा, त्याला वेळ अमावस्या म्हणू नका. अमावस्येला त्या बायकांना आपल्या शेतात, आपल्या खोपीपाशी बसायचं असतं. तुमच्या केंद्रावर वाढपी म्हणून उभं राहायचं नसतं.

पोंगेमर:
हा मुद्दा मला पटतो, आणि हुरड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

हुरड्याकडे परत येऊन दोन कामाच्या गोष्टी. पहिली आगटीची. बाभळीच्या लाकडाच्या जाळावर कणीस धरलं की वरून करपतं, आत कच्चं राहतं, आणि कच्चा चिकाळ दाणा जास्त खाल्ला की पोट दुखतं. वीतभर खोल खड्डा, त्यात वाळलेल्या गोवऱ्या, ज्योत विझून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं. मग कणसं दांडा बाहेर ठेवून निखाऱ्यात खुपसायची, फिरवत राहायची, तीन ते पाच मिनिटं. गरम असतानाच गोणपाटावर चोळायची आणि पाखडून द्यायची. थंड झाला की हुरडा चिवट लागतो, म्हणून ५० माणसांना एकदम वाढायचा प्रयत्न करू नये. एका आगटीभोवती दहा-बारा माणसंच बसावीत.

दुसरी गुरांची. खुडून झालेल्या टप्प्याला पाणी मिळालं की बुडातून कोवळे फुटवे येतात. त्यात विष असतं, गुरांना किराळ लागते, तासाभरात जनावर दगावतं. पाहुण्यांना 'गाईला चारा घाला' म्हणून हौसेनं ते फुटवे तोडून देऊ देणारी केंद्रं आहेत. हे ताबडतोब थांबवा. चारायचाच असेल तर वाळलेला कडबा द्या.

शनिवारची एसटी:
ठीक. मग बुकिंग करताना फोनवर नेमकं काय विचारायचं ते सांगा, म्हणजे दिवाळीत शेंगांना जायचं की नोव्हेंबर संपता संपता हुरड्याला, हे ठरवता येईल.

काळी कसदार:
ज्वारी कधी पेरली, तारीख विचारा. तिच्यात ९५ मिळवा आणि तुमची सहल त्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येते का बघा. जात कोणती ते विचारा, 'हुरड्याची' एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. लष्करी अळीसाठी पोंग्यात औषध टाकलं असेल तर ते निसवण्याच्या बरंच आधी असायला हवं, कणसावर फवारलेलं चालणार नाही. आगटी गोवऱ्यांची की गॅसची भट्टी? आणि केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे आहे का? २०२०च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेतीची अट आहे, लॉन आणि तलाव म्हणजे शेती नव्हे.

केंद्रचालक, १५ नोव्हेंबरनंतरच्या तुमच्या टप्प्याला माझी हरकत उरली नाही, जाळी आणि गादीवाफा असेल तर. त्याआधीचा फोन आला की शेंगा उकडायला ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा.