शब्दचर्चा : ‘होमब्रू’ म्हणजे हातभट्टी, घरगुती की हौशी?

प्रश्न

भाच्यानं वापरलेला, हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल विकत घेतला. विकणारा म्हणाला, ‘यात होमब्रू टाकलंय. आता गेम विकत घ्यायच्या नाहीत, थेट उतरवून घ्यायच्या.’ ताई घाबरली आहे. मला विचारते, होमब्रू म्हणजे पायरसीच ना? मला नीट सांगता आलं नाही. हे दोन शब्द समानार्थी आहेत का? आणि होमब्रूला मराठीत काय म्हणावं?

अनुवाद करणारी

समानार्थी मुळीच नाहीत, आणि ते तसे वापरले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

होमब्रू म्हणजे मुळात घरी आंबवून केलेली बिअर. संगणकाच्या जगात हा शब्द रुळला तो एका मंडळामुळे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही संगणकवेडे जमले आणि त्यातून होमब्रू कॉम्प्युटर क्लब उभा राहिला. स्टीव्ह वॉझनियाक यांनी ॲपलचा पहिला संगणक याच मंडळींना दाखवला होता. कारखान्याची वाट न पाहता आपल्या हातानं घरी केलेलं, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आता एक बारकावा. त्या वर्षी अमेरिकेत घरी बिअर करायला संघराज्याच्या कायद्याची मुभा नव्हती. ती देणारा कायदा १९७८ मध्ये झाला. म्हणजे नियमाबाहेरची एक पुसट सावली या शब्दावर जन्मापासूनच आहे. शिवाय पायरसीही तेव्हापासून शेजारी नांदते आहे. अल्टेअर संगणकासाठी बिल गेट्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या ‘बेसिक’ या प्रोग्रामिंग भाषेची कागदी फीत या मंडळात प्रती काढून वाटली गेली. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी मंडळींना उघड पत्र लिहिलं आणि तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं. पण भिंतीला भिंत लागून असली म्हणून दोन घरं एक होत नाहीत.

कन्सोलवर फरक असा पडतो. कंपनीची डिजिटल सही, म्हणजे तिच्या मंजुरीची खूण, असलेलाच प्रोग्राम तिथे चालतो. सोनीचा पीएसपी हा हातात धरायचा कन्सोल २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत बिनसहीचा प्रोग्रामही चालत होता. लोकांनी लगेच आपापलं लिहायला घेतलं : पुस्तक वाचायची सोय, छोट्या गेम, जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम. कंपनीनं फट बुजवली, की हे लोक दुसरी शोधत. २०१६ मध्ये सोनीच्याच प्लेस्टेशन व्हिटा या कन्सोलवर बिनसहीचे प्रोग्राम चालवू देणारं हेंकाकू आलं तेही याच वाटेनं. तेव्हा कन्सोलच्या संदर्भात होमब्रू म्हणजे बिनसहीचं, पण स्वतः लिहिलेलं.

प्रश्नकर्ता

मग ‘थेट उतरवून घ्यायच्या’ हे काय? उतरवून देणारं साधनही होमब्रूच म्हणतात ना?

अनुवाद करणारी

गोंधळाचं मूळ इथेच आहे. उतरवून देणारी साधनं दोन जातींची असतात. एक साधन हौशी लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या प्रोग्रामची यादी दाखवतं आणि हवा तो कन्सोलवर आणून देतं. दुसरं कंपनीच्या दुकानातली विकाऊ गेम पैसे न देता आणतं. हे दुसरं साधनही कुणीतरी घरी बसूनच लिहिलेलं असतं, म्हणून साधन होमब्रू. त्यातून येणारी गेम होमब्रू नव्हे. डबा घरचा असला, तरी आतले लाडू दुसऱ्याच्या दुकानातून न विचारता उचललेले.

आपल्याकडची क्रियापदंही हा फरक पुसतात. मोबाइलच्या दुकानाबाहेर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची, आठवतं? पिठाच्या गिरणीत डबा भरून मिळावा तसं. ‘गेम भरून देतो’, ‘विंडोज टाकून देतो’, ‘कॉपी मारून देतो’ यात वस्तू कुणाची, हा प्रश्नच उरत नाही. भरणाऱ्याला मजुरी दिली की व्यवहार पुरा झाल्यासारखं वाटतं.

गोव्याहून

मूळ शब्द दारूचाच आहे, तर ‘हातभट्टीचा प्रोग्राम’ का नको? आमच्याकडे काजूची भट्टी म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे पोलीस येत नाहीत. काजू फेणीला तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

अनुवाद करणारी

गोव्यात चालेल, घाटावर नाही चालायचा. इथे हातभट्टी म्हटलं की धाड, रसायन आणि वर्तमानपत्रातली विषबाधेची बातमी आठवते. जो कलंक पुसायचा तोच आपण नावात कोरून ठेवू. ‘घरगुती’ मला आधी आवडला होता; त्या शब्दाला मसाल्यांचा आणि खानावळीचा विश्वास आहे. पण घरगुती म्हणजे घरापुरतं, असाही अर्थ निघतो, आणि होमब्रू तर वाटण्यासाठीच लिहितात.

माझी पसंती ‘हौशी’ला. हौशी गेम, हौशी प्रोग्राम. त्यामागे आपली हौशी रंगभूमी उभी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळी नोकऱ्या सांभाळून, पदरचे पैसे घालून नाटक बसवतात. पण लेखकाचं परवानगीपत्र जोडल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. हौशी म्हणजे पोटासाठी न केलेलं. बिनपरवानगी असा अर्थ त्यात कुठेही नाही. होमब्रूला नेमका हाच शब्द हवा.

वकिली करणारा

‘पायरसी’बद्दल थोडं. वर्तमानपत्रं ‘चाचेगिरी’ लिहितात, बोलताना मात्र कुणी म्हणत नाही. चाचा कोण, हे कागद कुणी लिहिला त्यावरही ठरतं. सरखेल कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांच्या कागदांत तोच शब्द लावला आहे. ‘चोरी’ही कायद्यात बसत नाही. भारतीय न्याय संहितेतली चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता संमतीशिवाय हलवणं. प्रत काढली तरी मूळ जागेवरच राहतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही १९८५ च्या डाउलिंग खटल्यात हा फरक मानला. योग्य शब्द ‘उल्लंघन’. शब्द सौम्य आहे, शिक्षा नाही.

माझी खरी तक्रार ‘कॉपीराइट’साठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्वामित्वहक्क’ या शब्दाबद्दल आहे. अशिलं मला सांगतात, ‘साहेब, गेमचं कार्ट्रिज मी विकत घेतलं, स्वामित्व माझं!’ कार्ट्रिजचं स्वामित्व तुमचंच. प्रती काढण्याचा अधिकार तुमचा नव्हे. म्हणून ‘प्रताधिकार’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

भाषेची आवड असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत येतो. कथा-कादंबरीच्या पंगतीला. आणि ‘संगणक’ म्हणजे माहितीवर प्रक्रिया करू शकणारं कोणतंही इलेक्ट्रॉनिक उपकरण, म्हणजे भाच्याचा कन्सोलही त्यात आला. कायदेशीर मार्गानं मिळवलेल्या प्रोग्रामची प्रत नुकसानीपासून संरक्षण म्हणून किंवा स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी काढायला कलम ५२ मुभा देतं. दुसऱ्याच्या प्रतीवरून उतरवलेली गेम त्यात बसत नाही. प्रत उल्लंघनाची आहे हे ठाऊक असून ती वापरली, तर कलम ६३ब नुसार ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. व्यापारी फायदा नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि दंड ५० हजारांपर्यंत ठेवू शकतं.

प्रती निघू नयेत म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५अ २०१२ मध्ये आलं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण ‘उल्लंघन करण्याच्या इराद्यानं’ तोडलं तर. तो ‘इरादा’ फार महत्त्वाचा आहे; हौशी लेखकाला आधार असलाच तर त्या एका शब्दाचा.

प्रश्नकर्ता

‘होमब्रूसाठीच आहे’ एवढं म्हटलं की सुटका होते का?

वकिली करणारा

नाही. निन्टेन्डो डीएस या कन्सोलमध्ये घालून उतरवलेल्या गेम चालवता येणाऱ्या आर४ कार्डांबाबत २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात हाच बचाव मांडला होता. कार्डाचा कायदेशीर उपयोगही होऊ शकतो, एवढ्यानं ते विकणाऱ्याचा बचाव होत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. पुढे अमेरिकेत, कन्सोलवर पायरसीच्या गेम चालवणारी साधनं विकणाऱ्या टीम एक्झेक्युटर या टोळीवर खटला झाला. तिथल्या न्याय खात्याचं म्हणणं असं, की आपल्या धंद्यावर ही मंडळी अधूनमधून हौशी गेमनिर्मितीचं पांघरूण घालत. टोळीतल्या गॅरी बाउझर यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली; फौजदारी खटल्यात ४५ लाख डॉलर भरपाई द्यायची आणि दिवाणी दाव्यात एक कोटी डॉलर, ते वेगळंच. त्या पांघरुणाची झळ प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांना बसते. अनुवादकबाईंना वाईट वाटतं ते उगाच नाही.

पुण्याहून

आणि ज्या गेम आता विकतच मिळत नाहीत त्यांचं काय? निन्टेन्डो ३डीएस या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद झालं. अशा गेमना आम्ही ‘बेवारस’ म्हणतो.

वकिली करणारा

तुमची हळहळ मला कळते, कारण काही गेम खरोखरच नाहीशा होतील. पण ‘बेवारस’ म्हणू नका. दुकान बंद झालं तरी वारस असतोच. आपल्याकडे साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. ‘बाजारातून गेलेली’ म्हणा.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. काल ताईकडे जाऊन भाच्याबरोबर बसलो. मेनूतल्या एकेका गोष्टीपुढे आम्ही ‘कुणी लिहिली?’ असं विचारत गेलो. हौशी निघाल्या त्या ठेवल्या. विकाऊ गेम उतरवणारं साधन त्यानं स्वतःच काढून टाकलं. एक शंका राहिली. मी ‘ती गेम’ म्हणतो, तो ‘तो गेम’ म्हणतो. बरोबर कोण?

अनुवाद करणारी

दोघंही. कॅसेट घालून खेळलेल्या पिढीत ‘ती’ जास्त ऐकू येते. कदाचित कॅसेटचंच लिंग गेमला चिकटलं असेल. ‘खेळ’ मनात धरणारे ‘तो’ म्हणतात. होमब्रूला मात्र मी अजून सगळ्यांकडून ‘ते’च ऐकलं आहे.