ओबामाकेअर आणि एसीए एकच

ओबामाकेअर गेलं तरी एसीए राहीलच, असं तुम्ही म्हणता. नाही हो, दोन्ही एकच! एसीए म्हणजे अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट, २३ मार्च २०१० ला सही झालेला अमेरिकेचा आरोग्यविमा कायदा; ओबामाकेअर हे त्याचंच टोपणनाव. २००९ मध्ये याच कायद्याचा मसुदा चर्चेत असताना आमच्या शेजारच्या आजी 'डेथ पॅनेल'ची, म्हणजे कुणाला जगू द्यायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीची, अफवा ऐकून हादरल्या होत्या. हातातला चहा तसाच गार झाला. सरकार म्हाताऱ्यांना मरू देणार, असा त्यांचा समज. मसुद्यात होतं एवढंच, की अखेरच्या दिवसांत कोणते उपचार हवेत यावर स्वेच्छेने डॉक्टरांशी बोललात, तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, देईल. अफवेपायी ते कलमच अंतिम कायद्यातून गळालं. मला अजून वाईट वाटतं. आधीच्या आजारावरून विमा नाकारायला २०१४ पासून बंदी आहे, तीही याच कायद्याने. घरात कुणी मधुमेही असेल, तर 'रद्द करा' म्हणण्याआधी कृपया एवढं बघा.